ठेवीचा धर्म आणि सरोवरांखालचा बोगदा

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमाप्रदेशात पसरलेल्या पाच महासरोवरांत पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा साठलेला आहे, आणि त्यांपैकी मिशिगन व ह्यूरन ही दोन सरोवरे ज्या अरुंद जलपट्ट्याने एकमेकांना मिळतात त्या मॅकिनॉ सामुद्रधुनीच्या तळाशी १९५३ सालापासून तेलाच्या दोन समांतर नळ्या पडून आहेत. ‘लाइन ५’ या नावाने ओळखली जाणारी ही तेलवाहिनी एनब्रिज या कॅनडातील कंपनीची असून ती विस्कॉन्सिन राज्यातील सुपीरियर या शहरापासून कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील सार्नियापर्यंत सुमारे १,०३८ किलोमीटर धावते आणि दिवसाला ५,४०,००० पिंपांपर्यंत हलके कच्चे तेल व द्रवरूप वायू वाहून नेते. एरवी ३० इंच व्यासाची असलेली ही एकच नळी सामुद्रधुनीत शिरताना प्रत्येकी २० इंचांच्या दोन नळ्यांत विभागली जाते. या जुन्या नळ्या बंद करून सरोवरतळाखालच्या खडकातून सुमारे ६ किलोमीटर लांबीचा, काँक्रीटच्या अस्तराचा बोगदा खणावा आणि त्यातून एकच नवी नळी न्यावी, असा कंपनीचा प्रस्ताव आहे. बोगदा झाल्यास तो राज्याने स्थापन केलेल्या प्राधिकरणाच्या मालकीचा असेल आणि कंपनीला तो ९९ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने वापरता येईल. सरोवरकाठचे असंख्य नागरिक, पर्यावरणवादी संघटना आणि संघराज्याची मान्यता असलेली मिशिगनमधील सर्व १२ आदिवासी राष्ट्रे या तेलवाहिनीच्या विरोधात उभी आहेत.

वरवर पाहता हा विरोध तर्काला सोडून आहे असे वाटण्याचा संभव आहे, कारण ज्या भयातून तो सुरू झाला त्या भयावरचाच उपाय म्हणून बोगदा पुढे आला. जुलै २०१० मध्ये याच कंपनीची ‘लाइन ६बी’ ही दुसरी वाहिनी मिशिगनमधील मार्शल गावाजवळ फुटली, नियंत्रणकक्षाला नळी फुटल्याचे उमगून प्रवाह बंद व्हायला सुमारे १७ तास लागले, आणि ८ लाख गॅलनांहून अधिक जड तेल एका ओढ्यातून कॅलमझू नदीत गेले. त्यातले बरेचसे तळाशी बसल्याने नदी साफ करण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. पुढे एप्रिल २०१८ मध्ये सामुद्रधुनीतून जाणाऱ्या एका जहाजाचा नांगर तळावरून फरफटत गेला, त्याने पाण्याखालच्या वीजवाहक तारा तोडल्या, त्यांतील विद्युतरोधक द्रव सरोवरात सांडला आणि लाइन ५ च्या नळ्यांनाही पोचे पडले. मॅकिनॉ सामुद्रधुनीतील प्रवाह जोरकस असतात आणि त्यांची दिशाही उलटसुलट फिरत राहते, त्यामुळे तेथे सांडलेले तेल कोणत्या किनाऱ्याला लागेल हे सांगणे कठीण असते. हिवाळ्यात पृष्ठभाग गोठल्यावर तर ते बर्फाखाली अडकेल आणि काढायलाच मिळणार नाही. खडकातल्या बोगद्यात कोणत्याही जहाजाचा नांगर पोहोचत नाही आणि गळती झालीच तरी तेल आधी बोगद्यात साठेल, असे कंपनीचे म्हणणे आहे, आणि मिशिगनच्या लोकसेवा आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये प्रकल्पाला जी मंजुरी दिली तीही प्रामुख्याने याच तुलनेवर उभी होती. खडकातील मिथेन वायू बोगद्यात साठून स्फोट होण्याची भीती विरोधकांच्या तज्ज्ञांनी मांडली आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंतु वादापुरते असे गृहीत धरू की बोगदा खरोखरच सुरक्षित आहे आणि अपघाताची शक्यता त्याने कितीतरी पटींनी घटते. तरीही विरोध ओसरत नाही, तर मग त्या विरोधाचा आधार नेमका कोणता, हा या प्रकरणातला खरा तात्त्विक प्रश्न होय.

आधुनिक प्रशासनाला ज्ञात असलेली विचाराची रीत अशी आहे की, एखाद्या अनर्थाची संभाव्यता आणि त्यातून होणारे नुकसान यांचा गुणाकार करायचा, येणारा आकडा प्रकल्पाच्या लाभाशी ताडून पाहायचा आणि लाभ जड ठरला की परवानगी द्यायची. या रीतीला उपयुक्ततावादी हिशेब म्हणता येईल, कारण कृतीचे मूल्य तिच्या परिणामांच्या बेरजेत असते हे तिचे गृहीत आहे. रस्ते, पूल, औषधे यांच्याविषयीचे बहुतेक निर्णय याच रीतीने घेतले जातात आणि त्यात गैर काही नाही. अडचण तेथे येते जेथे पणाला लागलेली वस्तू भरून न येणारी असते. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जबाबदारीविषयक ग्रंथात असा युक्तिवाद केला की, तंत्रज्ञानाने मानवाच्या कृतींचा आवाका स्थळकाळात इतका वाढवला आहे की, शेजाऱ्याशी कसे वागावे एवढेच सांगणारे जुने नीतिशास्त्र आता अपुरे पडते, आणि ज्या डावात मानवजातीचे अस्तित्वच पणाला लागते तो डाव, जिंकण्याची आशा कितीही मोठी असली तरी, खेळण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोन सरोवरांचा नाश म्हणजे मानवजातीचा नाश नव्हे हे खरे. परंतु कोट्यवधी माणसे जे पाणी पितात आणि ज्याला पर्याय नाही, ते कोणाच्याही हिशेबात दुसऱ्या रकान्यातील लाभाने भरून काढता येत नाही, हे योनास यांच्या युक्तिवादातून नक्कीच निघते. तरीदेखील हा युक्तिवाद शेवटी धोक्याच्याच भाषेत बोलतो, आणि धोका पुरेसा कमी झाला की तोही दुबळा होतो. विरोधाचे मूळ याहून खोल आहे.

ते मूळ समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला परिचित असलेल्या एका व्यवहाराकडे वळणे उपयोगी ठरेल. धर्मशास्त्राने वादाची जी अठरा प्रकरणे, म्हणजे व्यवहारपदे, मानली त्यांत निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव हे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात त्याचे नियम सांगितले आहेत. राजाने हिरावून घेतली, दैवी आपत्तीत गेली किंवा चोरांनी नेली तर ठेव सांभाळणाऱ्याकडून ती वसूल करू नये, कारण त्या हानीत त्याचा दोष नसतो. परंतु त्याने मालकाला न विचारता स्वतःच्या लाभासाठी ती वापरली, तर त्याला दंड करावा आणि ठेव वाढीसकट परत करायला लावावी, असा त्या नियमांचा आशय आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वरांनी ज्या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि जिच्या आधारे महाराष्ट्रातील वारसाहक्काचे प्रश्न शतकानुशतके सोडवले गेले, तीच ही स्मृती. येथे अपराधाचे मोजमाप हानीने होत नाही हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वस्तू बुडाली तरी सांभाळणारा निर्दोष असू शकतो आणि वस्तू जशीच्या तशी परत आली तरी तो दोषी ठरू शकतो, कारण दोष अनधिकृत वापरात आहे. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेले दागिने कोणी अत्यंत भरवशाच्या सावकाराकडे गहाण टाकून स्वतःचा धंदा चालवला आणि मुदतीत ते सोडवूनही आणले, तरी ‘दागिने तर सुरक्षित होते’ हा त्याचा बचाव कोणत्याही घरात ऐकून घेतला जाणार नाही.

बोगद्याच्या वादात हाच फरक सतत पुसला जातो. सरोवरे ही ठेव असतील तर बोगदा ती गहाण ठेवण्याची अधिक सुरक्षित पद्धत ठरते, पण गहाण ठेवायला विचारले कोणाला, या प्रश्नाचे उत्तर कितीही जाड काँक्रीटमधून मिळत नाही.

सरोवरे ठेव आहेत ही कल्पना केवळ रूपक म्हणून पुढे आलेली नाही. अमेरिकी कायद्यात ती सार्वजनिक विश्वस्ततेचा सिद्धांत या नावाने रूढ आहे. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्यांचे किनारे ही सर्वांची सामाईक संपत्ती असून राज्य तिचे मालक नसते, तर जनतेच्या वतीने सांभाळ करणारे विश्वस्त असते, आणि म्हणून ती खासगी लाभासाठी कायमची देऊन टाकण्याचा अधिकार राज्याला नसतो, असे हा सिद्धांत सांगतो. रोमन कायद्यात त्याची मुळे आहेत, पण त्याचा आधुनिक पाया घातला गेला तो याच मिशिगन सरोवराच्या काठी. १८६९ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागोच्या बंदरालगतचा सरोवरतळाचा मोठा भाग इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीला बहाल केला, १८७३ मध्ये ते दान परत घेतले, आणि कंपनी न्यायालयात गेल्यावर १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, असे दान मागे घेण्याचा राज्याचा अधिकार अबाधित आहे, कारण विश्वस्त आपली जबाबदारीच विकू शकत नाही. मिशिगन विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक जोसेफ सॅक्स यांनी १९७० मधील एका गाजलेल्या लेखात या सिद्धांताला पर्यावरणरक्षणाचे हत्यार बनवले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या पात्राशी एका हॉटेलने केलेल्या छेडछाडीसंदर्भात, इलिनॉयच्या या निर्णयाचा आणि सॅक्स यांच्या विवेचनाचा आधार घेत हा सिद्धांत भारतीय कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले, आणि २००९ मध्ये गोव्यातील एका समुद्रकिनाऱ्यावर जाण्याच्या लोकांच्या वाटेचा प्रश्न आला तेव्हाही त्याच सिद्धांताचा आधार घेतला. मिशिगन सरोवराच्या तळाविषयीचा एक निवाडा अशा रीतीने गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण आज ज्या पाण्याविषयी वाद चालला आहे त्याच पाण्याने भारतीय किनाऱ्यांच्या कायद्याला भाषा पुरवली आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी १९५३ ची वहिवाटीची परवानगी रद्द केली, तेव्हा त्यांनी याच सिद्धांताचा आधार घेतला होता. कंपनीने आदेश मानला नाही, कॅनडाच्या सरकारने तेलवाहिन्यांविषयीच्या १९७७ च्या द्विपक्षीय कराराकडे बोट दाखवले, आणि प्रश्न न्यायालयांच्या अधिकारक्षेत्राच्या वादात अडकला. त्या डावपेचांचा तपशील येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की, विश्वस्ततेचा सिद्धांत कितीही मोलाचा असला तरी त्यात ठेवीदार म्हणजे जनता आणि जनता म्हणजे आजचे नागरिक, अशी समजूत गृहीत असते, आणि जनतेच्याच प्रतिनिधींनी बोगद्याला संमती दिली तर काय, या प्रश्नापुढे तो अडखळतो. कारण २०१८ च्या डिसेंबरात मिशिगनच्या विधिमंडळाने बोगद्यासाठी कायदा संमत केलाच होता.

अनिशिनाबे लोकांचा, म्हणजे ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी या परस्परसंबंधित राष्ट्रांचा, विचार येथून पुढे सुरू होतो. त्यांच्या सृष्टिकथेनुसार महापुरात सारी भूमी बुडाल्यावर एकेका प्राण्याने तळाची माती आणण्यासाठी बुडी मारली, बलवान प्राणी हरले, आणि शेवटी मस्करॅट नावाच्या क्षुद्र मानल्या गेलेल्या, उंदरासारख्या जलचर प्राण्याने प्राण देऊन मूठभर माती वर आणली. ती कासवाच्या पाठीवर ठेवल्यावर भूमी पुन्हा विस्तारली. सामुद्रधुनीच्या परिसरातील बे मिल्स या ओजिब्वे समुदायाच्या दृष्टीने ही घटना मॅकिनॉच्या पाण्यातच घडली, आणि म्हणून ते स्थळ सृष्टीचे केंद्र आहे. या कथापरंपरेतील निर्मितीच्या क्रमात खडक, पाणी, वनस्पती आणि प्राणी आधी येतात व माणूस सर्वांच्या शेवटी येतो. तो सर्वांवर अवलंबून असतो आणि त्याच्यावर कोणीच अवलंबून नसते. या क्रमातून निघणारे तत्त्व असे की, पाणी हे वापरासाठी मिळालेले साधन नसून वडीलधारे नातलग आहे, आणि नातलगाविषयी माणसाची कर्तव्ये असतात, मालकी नसते. म्हणजे ठेवीच्या दृष्टान्तातील ठेवलेली वस्तू येथे निर्जीव उरत नाही. तिलाही स्वतःचे म्हणणे आणि प्रतिष्ठा आहे. मे २०२१ मध्ये बे मिल्सच्या कार्यकारी परिषदेने ठराव करून लाइन ५ ला आपल्या भूमीतून, पाण्यातून आणि करारान्वये हक्क राखलेल्या प्रदेशातून हद्दपार केले. हद्दपारी ही त्या समाजाच्या परंपरेतील सर्वांत कठोर शिक्षा असून, समाजाच्या अस्तित्वालाच इजा पोहोचवणाऱ्याला ती दिली जाते. एका लोखंडी नळीला अशी शिक्षा देणे बाहेरच्या वाचकाला विचित्र वाटेल; परंतु ज्या समाजात पाणी हा समाजाचा घटक असतो तेथे त्या घटकाला दुखावणारी वस्तूही समाजाच्या न्यायकक्षेत येते, आणि ठरावाचा तर्क त्या भूमिकेशी पूर्णपणे सुसंगत आहे.

हे नाते प्रत्यक्ष आचरणात कसे असते याचे उदाहरण जलयात्रांमध्ये दिसते. मनिटूलिन बेटावरील विक्वेमकूंग येथील जोसेफीन मँडॅमिन या ओजिब्वे आजीबाईंनी २००३ मध्ये सुपीरियर सरोवराची पायी प्रदक्षिणा सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत पाचही महासरोवरांना प्रदक्षिणा घातली. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले तरी यात्रांची परंपरा चालू आहे. यात्रेत एक स्त्री तांब्याच्या बादलीत सरोवराचे पाणी घेऊन चालते आणि तिच्या बरोबरीने गरुडाच्या पिसांची काठी नेली जाते. पाणी सांभाळण्याची जबाबदारी स्त्रियांची आणि अग्नी सांभाळण्याची पुरुषांची, अशी तेथील वाटणी आहे. पहाटे एकदा निघाल्यावर दिवसाचा पल्ला संपेपर्यंत बादली थांबवायची नसते, म्हणून दमलेली स्त्री चालता चालताच ती पुढच्या स्त्रीच्या हाती देते, आणि वाटेत एखादा ओढा आला की त्याला चिमूटभर तंबाखू अर्पण केला जातो. भारतात नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांना या आचाराचे अंतरंग समजावून सांगण्याची गरज पडणार नाही: ज्या पाण्याला प्रदक्षिणा घातली जाते ते पाणी उजव्या हाताला ठेवले जाते, त्याला ओलांडले जात नाही, ही मर्यादा परिक्रमेत पाळली जाते. फरक इतकाच की परिक्रमेचा हेतू बहुधा साधकाच्या कल्याणाशी जोडलेला असतो, तर अनिशिनाबे स्त्रिया पाण्याच्या कल्याणासाठी चालतात आणि पाण्याची प्रकृती बिघडली आहे, तिची चौकशी करायला आपण निघालो आहोत, असा त्यांच्या आचाराचा सूर असतो.

असा विरोध अमेरिकी न्यायालयात टिकत नाही, याचे कारण तेथील कायद्याच्या धर्मविषयक कल्पनेत आहे. अमेरिकी राज्यघटना धर्मस्वातंत्र्य देते, पण धर्म म्हणजे व्यक्तीच्या मनातील श्रद्धा आणि तिचे आचरण, अशी तिची प्रॉटेस्टंट वळणाची समजूत आहे. १९८८ मध्ये ‘लिंग’ (Lyng) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात प्रश्न होता तो कॅलिफोर्नियातील युरोक, कारुक आणि टोलोवा लोकांच्या पवित्र डोंगरांतून जाणाऱ्या रस्त्याचा. रस्त्याने त्यांच्या धर्माचरणाची अपरिमित हानी होऊ शकते हे मान्य करूनही सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सरकार त्यांना श्रद्धा सोडायला भाग पाडत नसल्यामुळे घटनेचा भंग होत नाही. (तो रस्ता पुढे झाला नाही, पण त्याचे श्रेय न्यायालयाला नव्हे, तर १९९० मध्ये तो प्रदेश संरक्षित करणाऱ्या संसदेला जाते.) सू (Sioux) विचारवंत वाइन डिलोरिया ज्युनियर यांनी १९७३ च्या ‘गॉड इज रेड’ या ग्रंथात या अंधत्वाचे निदान आधीच केले होते. ख्रिस्ती परंपरा काळाभोवती, म्हणजे सृष्टी, पतन, तारण आणि अखेर यांच्या एकदाच घडणाऱ्या इतिहासाभोवती रचलेली असल्यामुळे ती कोणत्याही भूमीवर नेता येते, तर आदिवासी धर्म स्थळाभोवती रचलेले असल्यामुळे विशिष्ट नदी किंवा डोंगर गेला की त्यांच्या श्रद्धेचे प्रकट रूपच नाहीसे होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे ‘तुम्ही प्रार्थना दुसऱ्या सरोवराकाठी करा’ हा सल्ला स्थळधर्मीयाला सल्ला वाटतच नाही. पंढरपूर किंवा जेजुरी यांच्याशी ज्यांचे नाते आहे त्यांना डिलोरियांचा मुद्दा समजायला अवघड नाही. भारतीय कायद्यात तर देवता ही कायदेशीर व्यक्ती मानली जाते, आणि १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका कौटुंबिक देवतेच्या वादात, मूर्तीचे हित मांडण्यासाठी वेगळा निःपक्ष प्रतिनिधी नेमावा, असे सुचवले होते. सरोवराच्या बाजूने कोणी बोलावे हा प्रश्न म्हणून मुळातच निरर्थक नाही. फक्त मिशिगनच्या कायद्यात त्यासाठी बसायला जागा नाही.

या विरोधावर घेतले जाणारे आक्षेप मात्र हलके नाहीत आणि त्यांना प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. मिशिगनच्या उत्तरेकडील अप्पर पेनिन्सुला या द्वीपकल्पात कडाक्याच्या हिवाळ्यात घरे तापवण्यासाठी लागणाऱ्या प्रोपेन वायूचा मोठा वाटा लाइन ५ मधून येतो, आणि सार्निया, डेट्रॉइट व टोलीडो येथील तेलशुद्धीकरण कारखाने तिच्यावर अवलंबून आहेत. बांधकाम कामगारांच्या संघटना बोगद्याच्या बाजूने आहेत, आणि त्यांची रोजीरोटी हा कोणत्याही धर्माच्या दृष्टीने तुच्छ विषय नव्हे. तेलवाहिनी बंद झाली तर तेल रेल्वेने किंवा रस्त्याने जाईल, आणि २०१३ मध्ये क्विबेकमधील लाक-मेगांटिक या गावात तेलाची मालगाडी रुळावरून घसरून ४७ माणसे मृत्युमुखी पडली होती, हेही विसरता येत नाही. सर्वांत बोचरा आक्षेप असा की, विरोध करणाऱ्यांच्याही मोटारी पेट्रोलवर चालतात. यातले पहिले तीन आक्षेप पर्याय शोधण्याची निकड सांगतात, आणि ती निकड राज्याने मनावर घ्यायलाच हवी. पण ते तेलाची आजची गरज ९९ वर्षांसाठी स्थिर मानतात, आणि तेथेच त्यांचे बळ सरते. शेवटच्या आक्षेपात अवलंबन आणि संमती यांची गल्लत आहे. ज्या व्यवस्थेने माणसाला पर्यायच ठेवलेला नाही तिच्यातील वस्तू त्याने वापरली, म्हणून त्या व्यवस्थेच्या प्रत्येक विस्ताराला त्याची मान्यता आहे असे ठरत नाही. सावकाराकडून धान्य उचलणाऱ्या कुळाने सावकारीला मान्यता दिली, असे कोणी म्हटले नव्हते.

९९ वर्षांच्या या मुदतीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण तीत प्रश्नाची काळाची बाजू दडलेली आहे. भारतीय परंपरेत माणूस देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणात जन्मतो असे मानले आहे, आणि ही तिन्ही ऋणे मुख्यतः मागे पाहणारी आहेत. पितृऋण संततीने फिटते खरे, पण तेथेही देणे पितरांचेच असते. हौदेनोशौनी या दुसऱ्या आदिवासी राष्ट्रसंघाच्या आणि अनिशिनाबे परंपरांत सांगितला जाणारा सात पिढ्यांचा विचार पुढे पाहतो: आजचा निर्णय सातव्या पिढीला काय देईल हे विचारून घ्यावा, आणि जे अजून जन्मले नाहीत त्यांना आजच्या सभेत अनुपस्थित सभासद मानावे. पोटावाटोमी तत्त्वज्ञ काइल व्हाइट यांनी दाखवून दिले आहे की, आदिवासी समाजांच्या दृष्टीने पर्यावरणाचा नाश हे भविष्यातले संकट नसून कधीच घडून गेलेला अनुभव आहे. जमिनी गेल्या, जंगले तोडली गेली, नद्या अडवल्या गेल्या, आणि समाजाने टिकून राहण्यासाठी जपलेल्या नात्यांचे जाळेच तुटत गेले. बोगद्याचा करार त्या जाळ्याचा आणखी एक धागा जवळपास शंभर वर्षांसाठी परहस्ते बांधून टाकतो.

संमतीचा प्रश्न म्हणूनच इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १८३६ च्या वॉशिंग्टन करारान्वये ओडावा आणि ओजिब्वे लोकांनी आजच्या मिशिगन राज्याच्या सुमारे एक तृतीयांश भूमीवरचा ताबा अमेरिकेला दिला, पण शिकार, मासेमारी आणि परंपरेने चालत आलेले वापराचे हक्क राखून ठेवले, आणि १९७९ मध्ये न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी त्या हक्कांत महासरोवरांतील मासेमारी येते असा निर्णय दिला. म्हणजे हे लोक सरोवरांचे केवळ काठावरचे रहिवासी नाहीत; ठेवीच्या मूळ लेखावर सही करणारा पक्ष आहेत. विस्कॉन्सिनमध्ये बॅड रिव्हर या ओजिब्वे समुदायाच्या राखीव भूमीतून जाणाऱ्या लाइन ५ च्या अनेक वहिवाटींची मुदत २०१३ मध्ये संपली, तरी तेल वाहत राहिले; २०२३ मध्ये संघराज्यीय न्यायाधीशांनी त्याला अतिक्रमण ठरवून ५० लाख डॉलरांहून अधिक भरपाई आणि तीन वर्षांत तो भाग बंद करण्याचा आदेश दिला. या अतिक्रमणांमागे जुने तत्त्वज्ञान आहे. पंधराव्या शतकातील पोपच्या फतव्यांतून निघालेली ‘शोधाची शिकवण’, म्हणजे ख्रिस्ती राजाने शोधलेल्या भूमीवर तेथील ख्रिस्तेतर रहिवाशांपेक्षा त्या राजाचा हक्क श्रेष्ठ असतो ही शिकवण, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ मध्ये आपल्या कायद्यात आणली. व्हॅटिकनने २०२३ च्या मार्चमध्ये तिचा जाहीर त्याग केला, पण अमेरिकी कायद्याने अजून तो केलेला नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्कांच्या घोषणापत्रात स्वेच्छेची, आधी घेतलेली आणि पूर्ण माहितीनंतरची संमती हे तत्त्व सांगितले आहे. सल्लामसलत त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण सल्ल्यात ऐकून घेण्याचे कर्तव्य असते पण नकार मानण्याचे नसते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी ऊर्जा आणीबाणी जाहीर केल्यानंतर बोगद्याच्या संघराज्यीय परवानगीची छाननी घाईने उरकण्याचे ठरू लागले, तेव्हा अनेक आदिवासी राष्ट्रे त्या प्रक्रियेतून बाहेर पडली, आणि त्यांचा हा निर्णय समजण्याजोगा होता. ज्या चर्चेत ‘नाही’ हे उत्तर आधीच वगळलेले असते तिच्यात बसून राहणे म्हणजे स्वतःच्या नकाराच्या उपेक्षेला साक्षीदार होण्यासारखे आहे.

यावरून निघणारा निर्णय असा की, बोगद्याला होणारा विरोध तंत्रज्ञानाच्या अज्ञानातून किंवा भावनेच्या भरातून आलेला नाही, आणि त्याला अभियांत्रिकीचे पुरावे देऊन उत्तर देता येणार नाही. तेल सांडेल की नाही, याचे उत्तर अभियंते देऊ शकतात. पाणी कोणाच्या वतीने आणि कोणाला विचारून पणाला लावले जाते, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि ते त्यांच्याकडून मागूही नये. १८३६ च्या करारावर ज्यांच्या पूर्वजांनी सह्या केल्या त्यांची संमती मिळेपर्यंत मॅकिनॉच्या तळाखाली, नळी कितीही सुरक्षित असो, कोणालाही तेल नेण्याचा नैतिक अधिकार नाही, आणि ती संमती आजवर कोणीही मिळवलेली नाही.